नागपूरच्या आसपास लँडस्केप फोटोग्राफीचे वर्कशॉप सुरू करायचे आहेत, वाघ न दाखवता चालतील का?

फुटाळा_फ्रेम्स

नमस्कार मंडळी, मी नागपूरचाच. लग्नाचे आणि प्रॉडक्टचे फोटो काढणं हा धंदा, पण जीव सगळा बाहेर, सुट्टी मिळाली की झिलपी नाहीतर खिंडसी नाहीतर सरळ पवनीवरून पेंचच्या सिल्लारी गेटकडे. ते फोटो टाकतो तर बरेच लोक विचारून राहिले की भाऊ आम्हालाही न्या सोबत, शिकवा, फुकट नको, पैसे घ्या. लग्नाचं काम कमी असते त्या महिन्यांत हे नीट सुरू करावं असं डोक्यात आहे.

एक गोष्ट पक्की आहे की मला वाघाची टूर काढायची नाही. तलाव, झाडं, शेतं, आकाश, फारतर पाणपक्षी. पण ज्याला विचारतो तो म्हणते की नागपुरात बसून वाघ सोडून काय दाखवशील, बाहेरचे लोक विमानातून उतरतात तेच ताडोबा-पेंचसाठी, तुझा तलाव बघायला कोण पैसे देईल. मला हे पटत नाही पण त्यांना उत्तरही देता येत नाही.

तर ज्यांनी वर्कशॉप घेतले आहेत किंवा पैसे भरून केले आहेत त्यांनी सांगा, सुरुवात कुठून करू, एका वेळी किती लोक, परवानग्या कोणाच्या, पैसे किती. आणि तिथे मी स्वतः फोटो काढायचे की नाही? उजेड चांगला पडला की मला राहवत नाही म्हणून विचारतो.

उजेडवाला

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो कारण बाकी सगळं त्यावरच उभं आहे. नाही काढायचे. चांगला उजेड असतो ती पंधरा-वीस मिनिटं, आणि लोकांनी पैसे त्याच पंधरा-वीस मिनिटांचे दिलेले असतात. तुम्ही व्ह्यूफाइंडरला डोळा लावून बसलात की मागे कोणाचा ट्रायपॉड मऊ मातीत रुतून राहिला, कोणाचा आयएसओ म्हणजे उजेड पकडायचा आकडा काल रात्रीच्या ६४०० वरच राहिला, कोण सगळ्यांच्या मागे गप्प उभं आहे कारण विचारायची लाज वाटते, हे कोण बघणार? समजवायला एक फ्रेम काढा, मागच्या स्क्रीनवर सगळ्यांना दाखवा, हिस्टोग्राम म्हणजे फोटोतल्या उजेड-अंधाराचा आलेख कुठे कापला जाऊन राहिला ते दाखवा, आणि कॅमेरा बॅगेत. स्वतःसाठी फोटो रेकीच्या दिवशी, म्हणजे जागा आधी बघून यायच्या दिवशी काढायचे, तेव्हा पोट भरून काढा.

आता वाघाचं. वाघ दिसेल की नाही हे कोणाच्याच हातात नसतं, मग हमी दिली जाते, मग हमी पाळायला ड्रायव्हरवर दबाव येतो, आणि त्यातून काय होतं ते आपण उमरेड-कऱ्हांडला अभयारण्यात पाहिलं. ३१ डिसेंबर २०२४ ला गोठणगावच्या सफारीत एफ-२ वाघीण आणि तिची पाच बछडी मध्ये आणि जिप्सी दोन्ही बाजूंनी, व्हिडिओ सगळीकडे फिरला, हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली, गाईड-ड्रायव्हर लोकांवर कारवाई झाली. मागे कॅमेरे घेऊन उभे होते ते पर्यटक मात्र घरी गेले. म्हणून तुमचा निर्णय मला मनापासून आवडला.

आणि लँडस्केपचं वर्कशॉप तुम्ही सहा महिने आधी ठरवू शकता, कारण सूर्य वेळेवर येतो. नागपुरात डिसेंबर-जानेवारीत तो पावणेसातच्या पुढे उगवतो, मे संपताना साडेपाचच्या आसपास. २६ मेच्या सुमारास तर दुपारी बरोबर डोक्यावर येतो आणि सावली पायाखाली जाते, त्या दिवसांत सकाळी सात-साडेसातनंतर बाहेर शिकवण्यासारखं फार उरत नाही, तापलेल्या जमिनीवरची हवा हलायला लागते आणि दूरची टेकडी कितीही महागड्या लेन्सने काढली तरी धुवट आणि थरथरलेलीच येते. लोकांना वाटतं फोकस चुकला. हे आधीच सांगून ठेवायचं, मे मध्ये पहाटेचं सेशन छोटं ठेवायचं आणि दुपार एसी खोलीत एडिटिंगला द्यायची.

जागांचं म्हणाल तर महिन्याप्रमाणे चला. डिसेंबर-जानेवारीत तलाव, पहाटे पाण्यावर धुकं असतं आणि पारडगाव, सायकी या बाजूला पट्टकदंब, चक्रवाक हे पाणपक्षी उतरलेले असतात, म्हणजे लँडस्केपमध्ये जीव येतो. फेब्रुवारीच्या शेवटापासून मार्चपर्यंत पळस, साग तेव्हा पानं टाकून बसलेला असतो त्यामुळे एकटं पेटलेलं झाड वेगळं काढून शिकवता येतं, मागे काय ठेवायचं आणि काय कापायचं हे शिकवायला याच्याहून सोपी जागा मला माहीत नाही. एप्रिल-मेमध्ये बहावा, तोही शहरातल्या शहरात. आणि लोक ज्याला मेलेला सीझन म्हणतात तो पावसाळा, कोअरच्या म्हणजे जंगलाच्या गाभ्यातल्या सफारी बंद असतात, तेव्हा रामटेक-मौदा-भंडाऱ्याकडे धानाची रोवणी सुरू असते, बांध्यांत पाणी साचलेलं, त्यात ढगांचं प्रतिबिंब, वाकलेल्या बाया. पूर्व विदर्भातले मामा तलाव म्हणजे जुने मालगुजारी तलाव तर पाळीवर म्हणजे तलावाच्या बांधावर उभं राहून एका बाजूला पाणी आणि दुसऱ्या बाजूला धान असं दोन्ही देतात, कोहळी समाजाने शेकडो वर्षांपूर्वी बांधलेले तलाव आहेत, ते लोकांना सांगा, फोटो काढणाऱ्याला आपण काय बघून राहिलो ते कळलं की तो वेगळा उभा राहतो. शेतात पाय टाकण्याआधी मालकाला विचारायचं आणि काम करणाऱ्या बायांचे जवळून फोटो त्यांना विचारल्याशिवाय नाही, हा नियम सगळ्यांना गाडीतच सांगायचा.

रेकी त्याच वेळी करायची ज्या वेळी वर्कशॉप आहे. दुपारी जाऊन जागा बघून आलो याला रेकी म्हणत नाहीत. गाडी कुठे लागते, शेवटचं पेट्रोल कुठे, ढग आले तर दुसरी जागा कोणती, सगळं लिहून ठेवा.

एकट्याने शिकवणार असाल तर सहा लोक. आठ झाले तर सोबत एक मदतनीस घ्या.

पळसफूल

मी पैसे भरणाऱ्यांच्या बाजूने लिहिते. शाळेत शिकवते, फोटोग्राफी छंद म्हणून, बरेच वर्कशॉप केले आहेत, नागपूरजवळचे आणि बाहेरचेही.

सगळ्यात आधी जे कोणी लिहित नाही ते लिहिते. पहाटे साडेचारला घरून निघून तलावावर पाच तास, आणि बायकांसाठी टॉयलेटची काही सोय नाही. एका वर्कशॉपमध्ये मी विचारलं तर आयोजकांनी आजूबाजूला झुडपं आहेत म्हणून हात दाखवला. त्यानंतर त्यांच्याकडे मी गेले नाही आणि माझ्या मैत्रिणीही गेल्या नाहीत. तुम्ही जाहिरातीतच लिहा की अमुक ठिकाणी अमुक वाजता थांबू, तिथे स्वच्छ टॉयलेट आहे, एखाद्या ढाब्याशी किंवा रिसॉर्टशी आधी बोलून ठेवा. नुसत्या या एका ओळीने तुमच्याकडे बायका येतील हे मी खात्रीने सांगते. आणि शक्य असेल तर पिकअप एकाच जागेहून, अंधारात वेगवेगळं या असं नको.

दुसरं, लोकांची लेव्हल. कोणी मॅन्युअल मोड पहिल्यांदा लावून राहिलं आणि कोणी फोकस स्टॅकिंग म्हणजे वेगवेगळ्या फोकसचे फोटो एकत्र जोडणं विचारून राहिलं, दोघांनाही एकाच वेळी शिकवायला गेलं की दोघंही उपाशी घरी जातात. आधी एक छोटा फॉर्म भरून घ्या, कॅमेरा कोणता, लेन्स कोणती, काय येतं, काय अडतं, आणि आधीचे तीन फोटो मागवा. त्या तीन फोटोंवरून तुम्हाला माणूस समजतो. पहिल्यांदा शिकणाऱ्यांचं वर्कशॉप वेगळं ठेवा, ज्यांना येतं त्यांचं वेगळं.

आणि माझं सगळ्यात मोठं म्हणणं असं की फोटो काढून झाल्यावरचा वेळ कोणी देत नाही. सकाळ संपली, तर्री पोहे खाल्ले, ग्रुप फोटो झाला, बाय बाय. अहो पण मी काढलेल्या शंभर फोटोंपैकी कोणता बरा आणि तो का बरा, हे मला कोण सांगणार? ज्या एका वर्कशॉपने मला खरंच पुढे नेलं तिथे सर दुपारी बसले आणि प्रत्येकाचे तीन-तीन फोटो मोठ्या स्क्रीनवर लावले, माझ्या फोटोत खालच्या कोपऱ्यात एक उजळ दगड होता, ते म्हणाले डोळा आधी तिथे जातो, तलाव नंतर दिसतो. तेवढं एक वाक्य. आजही ट्रायपॉड लावला की आधी मी चारही कोपरे बघते. अशी वाक्यं द्यायला वेळ ठेवा, लोक त्यासाठी परत येतात.

पोलरायझर म्हणजे चमक कमी करणारा फिल्टर वगैरे आधी सांगा घ्यायला, पण सोबत हेही सांगा की खूप वाइड लेन्सवर तो लावला की निळं आकाश एका बाजूला गडद आणि एका बाजूला फिकं येतं, नाहीतर लोक पैसे घालून बसतात आणि आकाश खराब का झालं म्हणून विचारतात.

सिल्लारी_रोड

मी पवनीकडचा. गाडी चालवतो, जंगलातली पण आणि बाहेरची पण. फोटोवाले रोज पाहतो म्हणून लिहून राहिलो, माझं काही चुकीचं असेल तर मोठ्यांनी सांगा.

भाऊ, जंगलाच्या हद्दीत पाय टाकायचा असेल तर वनविभागाला विचारल्याशिवाय नाही. गेटच्या आत तर सोडाच, रस्त्याच्या बाजूला गाडी लावून दहा-दहा जण ट्रायपॉड घेऊन आत घुसतात ते आम्हाला रोज दिसते. अभयारण्यात फोटो काढायला जाणं हे १९७२ च्या वन्यजीव कायद्यात परवान्याच्या कामांमध्ये लिहिलेलं आहे, गाईड लोकांना ट्रेनिंगमध्ये सांगतात. धंदा म्हणून लोक नेऊन राहिले तर आणखीच विचारायचं. रेंज ऑफिसला जाऊन कागदावर लिहून द्यायचं, कोण, किती, कोणत्या तारखेला, कुठे. साहेब लोक चांगले असतात, आधी गेलं की रस्ता सांगतात, नंतर सापडलं की दंड सांगतात.

गावातला माणूस सोबत घ्या. मी माझं काम मागून राहिलो असं समजू नका. त्याला माहीत असते की रात्री अस्वल कोणत्या बाजूने मोहाखाली येते. मार्च-एप्रिलमध्ये मोह पडतो तेव्हा पहाटे अंधारात लोक पण टोपले घेऊन निघतात आणि अस्वल पण, आणि तुमचे फोटोवाले तिथेच चांगला उजेड शोधत असतात. म्हणून त्या दिवसांत मोहाच्या झाडापासून लांब.

पक्ष्यांचा आवाज मोबाईलवर वाजवून बोलावणारे येतात, घरट्याजवळची फांदी तोडून जागा मोकळी करणारे येतात. तुमच्या ग्रुपमध्ये असं कोणी केलं तर त्याला तिथूनच परत पाठवायची तयारी ठेवा, पैसे परत देऊन.

ड्रोन तर आणूच देऊ नका. जंगलावर उडवायचा नाही म्हणजे नाही.

उजेडवाला

सिल्लारी रोडवाल्या भाऊंनी लिहिलं ते प्रिंट काढून गाडीत लावावं. ड्रोनबद्दल शहरातलंही सांगतो, फुटाळ्याला लागूनच वायुसेनानगर आहे, अंबाझरीकडे आयुध निर्माणी आहे, तलाव सुंदर दिसतो म्हणून तिथे ड्रोन काढायचा विचारही नको. ड्रोन नियम २०२१ प्रमाणे आधी नकाशावर झोन बघावा लागतो आणि लाल झोनमध्ये केंद्राच्या परवानगीशिवाय उडवता येत नाही.

कॅम्पफायर_नको

मी थोडं उलटं बोलतो, राग मानू नका. नुसत्या लँडस्केपवर सुरुवातीला सीट भरत नाहीत. पुण्या-मुंबईचा माणूस दोन दिवस सुट्टी काढून, तिकीट काढून येतो आणि पेंचला जाऊन जंगलात न शिरता परत जाईल हे होत नाही. मी दोन्ही एकत्र करतो, दोन दिवसांत एक सफारी ठेवतो, पण सांगतो की त्या सफारीतही आपण जंगल काढणार आहोत. पेंचचे ते पांढऱ्या खोडाचे भुत्या म्हणजे कुलूचे झाड, नदीकाठचे अर्जुन, सागाच्या फटीतून येणारी तिरपी किरणं. जिप्सीत सहा पर्यटक बसू शकतात पण मी चारच बसवतो, मधली सीट बॅगा आणि लेन्स टेकवायच्या बीनबॅगसाठी. धुळीत लेन्स बदलायची नाही, दोन बॉडी असतील तर उत्तम नाहीतर एक झूम लावून बसा, आणि दुपट्टा कॅमेऱ्यावर. वाघ आला तर बघू, नाही आला तरी कोणी तोंड पाडून बसत नाही कारण हातात काम असतं. परमिटवर प्रत्येकाचं नाव आणि ओळखपत्र लागतं, शेवटच्या क्षणी माणूस बदलतो म्हणणाऱ्यांना आधीच नाही म्हणा.

स्थानिक लोकांसाठी मात्र नुसतं लँडस्केप चालतं, हे मान्य. नागपूर-वर्धा-अमरावतीचे लोक, त्यांनी वाघ पाहिलेले असतात.

फुटाळा_फ्रेम्स

सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. पळसफूल ताई, टॉयलेटचं खरंच माझ्या डोक्यात आलं नसतं, खिंडसीजवळच्या एका रिसॉर्टवाल्याशी आजच बोललो, नाश्ता त्यांच्याकडे घेतला तर सोय देतो म्हणाले.

आता दोन गोष्टी राहिल्या. एक, पैसे. मी अर्ध्या दिवसाचे माणशी १८०० ठेवायचे म्हणून राहिलो, सहा लोक, गाडी माझी. दुसरं, रात्रीच्या आकाशाचं वर्कशॉप. पेंचला डार्क स्काय पार्क, म्हणजे रात्रीचा अंधार जपलेली जागा, झाल्यापासून सगळ्यात जास्त विचारणा त्याचीच आहे. ते मी घेऊ का, की आधी दिवसाचं जमू द्यावं?

उजेडवाला

आधी दिवसाचं जमू द्या, पण रात्रीचं नक्की घ्या, कारण आपल्यासारखी जागा देशात कमी लोकांच्या दारात आहे. जानेवारी २०२४ मध्ये पेंचला भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली, त्यासाठी वाघोली, सिल्लारी, पिपरिया, खापा या गावांतले रस्त्यावरचे दिवे बदलून जमिनीकडे तोंड करणारे लावले. गावांनी आपला उजेड खाली वळवला म्हणून आपल्याला आकाश मिळालं, तर आपण तिथे पांढरे टॉर्च आणि गाडीचे हेडलाइट मारत फिरायचं नाही. सगळ्यांना लाल टॉर्च सक्तीचे, कॅमेऱ्याची स्क्रीन सगळ्यात कमी उजेडावर.

आकाशगंगेचा मधला भाग आपल्याकडून दक्षिणेला दिसतो, आणि नागपूर पेंचच्या दक्षिणेलाच आहे. म्हणजे शहराचा पिवळा उजेड क्षितिजाजवळ नेमका त्याच बाजूला येतो. हे रेकीत बघून ठेवा. फेब्रुवारी-मार्चमध्ये तो भाग पहाटे आग्नेयेकडून वर येतो, तेव्हा शहराच्या उजेडापासून जरा बाजूला असतो आणि हवाही अजून स्वच्छ असते, म्हणून मला ते महिने आवडतात, फक्त लोकांना रात्री दोनला उठवावं लागतं. जूनमध्ये रात्रभर असतो पण ढग असतात. तारीख अमावस्येच्या आगेमागे धरा. सेटिंग म्हणाल तर एफ २.८, आयएसओ ३२००, पंधरा ते वीस सेकंद इथून सुरू करायला सांगा. तारे न लांबवता किती सेकंद शटर उघडं ठेवता येतं त्याचा ५०० भागिले फोकल लेंथ हा जुना हिशेब सगळ्यांना पाठ असतो, १६ एमएमला त्याने तीस सेकंदांच्या वर उत्तर येतं, पण आजच्या जास्त पिक्सेलच्या कॅमेऱ्यात तेवढ्यात तारे लांबट होतात, क्रॉप बॉडी म्हणजे लहान सेन्सरचा कॅमेरा असेल तर आणखी कमी. फोकस लाइव्ह व्ह्यूत एका ठळक ताऱ्यावर झूम करून हाताने, आणि मग रिंगवर टेपचा तुकडा चिकटवायचा, कारण अंधारात कोणाचा तरी हात लागतोच. पायात बूट सगळ्यांच्या, चप्पल घालून आलेल्याला गाडीतून उतरू देऊ नका, घोणस आणि मण्यार दोन्ही आपल्याकडे आहेत. जवळचं सरकारी रुग्णालय कोणतं आणि तिथून नागपूरच्या मेडिकल कॉलेजला किती वेळ लागतो हे माहीत पाहिजे.

पैशांचं. १८०० कमी आहेत असं मला वाटतं. तुम्ही फक्त त्या सकाळचा हिशेब केला. रेकीचं पेट्रोल, फॉर्म वाचण्याचा वेळ, दुपारच्या फोटो चर्चेचा हॉल, गावातल्या माणसाचे पैसे, फर्स्ट एड आणि ओआरएस, विमा, आणि एखादं वर्कशॉप पावसाने गेलं तर त्याचा खड्डा, हे सगळं जोडा आणि मग सहाने नाही, चारने भागा. चार लोक आले तरी खिशातून जायला नको, सहा आले तर तुमची कमाई. नाहीतर सीट भरायला म्हणून तुम्ही दहा लोक घ्याल आणि मग शिकवणं संपलं. अर्धे पैसे आगाऊ, रद्द झालं तर काय मिळेल ते लेखी. जीएसटीची नोंदणी सेवेच्या धंद्याला वर्षाला २० लाखांच्या उलाढालीनंतर लागते, पण त्यात तुमचं लग्नाचं कामही धरलं जातं, तेव्हा सीएला एकदा विचारा. आणि आपली गाडी खाजगी पासिंगची असेल तर पैसे घेऊन लोक नेऊ नका, टॅक्सी पासिंगची भाड्याने घ्या, अपघात झाला तर विमा कंपनी पहिला प्रश्न तोच विचारते.

पळसफूल

किंमत वाढवली तरी चालेल, मी देईन, पण त्यात दुपारची फोटो चर्चा आहे हे ठळक लिहा. आणि एक सीट विद्यार्थ्यांसाठी अर्ध्या पैशात ठेवता आली तर बघा, माझ्या वर्गातली एक मुलगी मोबाईलवर इतके सुंदर फोटो काढते आणि तिच्या घरून हे पैसे निघणार नाहीत.

फुटाळा_फ्रेम्स

ताई, ती सीट पक्की. तिला सांगा मोबाईल घेऊनच यायचं, कोन आणि उजेड त्यावरही शिकवता येतो.

मग असं ठरवून राहिलो, पहिलं वर्कशॉप पळसाचं, शिकणाऱ्यांसाठी, सहा जण, टॅक्सी पासिंगची गाडी, सकाळी खिंडसी आणि येताना पवनीच्या रस्त्याची पळसाची झाडं, दुपारी रिसॉर्टच्या हॉलमध्ये फोटो. सिल्लारी रोडवाले भाऊ, तुम्ही रोज त्या रस्त्याने जाता, फुलं भरात कधी येतात? मला तारीख आधी जाहीर करावी लागेल.

सिल्लारी_रोड

एक तारीख नका टाकू, दोन रविवार टाका, फेब्रुवारीचा शेवटचा आणि मार्चचा पहिला, आणि लोकांना सांगा की आठ दिवस आधी पक्कं कळवू. कळ्या काळ्या दिसायला लागल्या की मी तुम्हाला फोटो पाठवतो. हायवेवरची झाडं नका घेऊ, ट्रक सुसाट असतात आणि गाडी लावायला जागा नाही. आतल्या रस्त्याला एका शेताच्या धुऱ्यावर म्हणजे बांधावर रांगेने झाडं आहेत, मालक ओळखीचा आहे, त्याला मी विचारून ठेवतो. सकाळी आठच्या आत या, मग तिथून गुरं निघतात, धूळ होते.